जुन्या दगडांचा वाफा

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये कुदळीने जमीन खणायला घेतली, की पहिली भेट कोणाची होते? मातीची नव्हे, दगडाची! कुदळ खणकन वाजते आणि काळा दगड डोके वर काढतो. शेतात दगड, अंगणात दगड, रस्त्याच्या कडेलाही दगड. एवढे दगड इथे आले कुठून?

आपले बेट ज्वालामुखीतून तयार झाले आहे. समुद्राच्या तळातून तापलेला, वितळलेला रस वर आला. तो थंड झाला आणि त्याचा काळा दगड झाला. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. ही गोष्ट सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली. आता गंमत ऐका. महाराष्ट्रातील सह्याद्रीचा डोंगरही अशाच काळ्या दगडाचा आहे. तो याहून कितीतरी जुना, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. शास्त्रज्ञ सांगतात, की पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त जागेतून सह्याद्रीचा दगड वर आला, त्याच जागेतून पुढे मॉरिशस वर आले. आज ती जागा शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. म्हणजे आपले पूर्वज समुद्र ओलांडून इथे आले, तेव्हा दगड त्यांना अनोळखी नव्हता!

उसाच्या शेतांत तुम्ही दगडांचे मोठमोठे ढीग पाहिले असतील. काही ढीग घराएवढे उंच असतात. ते कोणी रचले? जमीन लागवडीला यावी म्हणून माणसांनी एकेक दगड उचलून बाजूला ठेवला. आधी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी हे काम केले. १८३५ साली इथली गुलामगिरी बंद झाली. १८३४ सालापासून भारतातून करारावर मजूर येऊ लागले. त्यांत कोकणातून आलेले आपले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या १६ दगडी पायऱ्या चढून हजारो मजूर या देशात आले. मग त्यांच्या हातांत कुदळ आली आणि पुढ्यात पुन्हा दगडच आले.

म्हणून दगडाला नुसती अडचण समजू नका. त्याच्यावर कोणाच्या तरी हातांचे कष्ट आहेत. अशा जुन्या दगडांचा घरच्या बागेसाठी छान वाफा करता येतो. तो कसा करायचा, ते आज शिकूया. पण त्याआधी माझी एक चूक तुम्हांला सांगतो.

मी तुमच्याएवढा होतो. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या घराचा दगडी चौथरा होता. ते घर लाकडाचे आणि गवताने शाकारलेले होते. १९६० सालच्या फेब्रुवारीत कारोल नावाचे भयंकर चक्रीवादळ आले, त्यात ते उडून गेले. पुढे त्याच अंगणात सिमेंटचे घर उभे राहिले. चौथऱ्याचे दगड मात्र तसेच पडून होते.

एका सुट्टीत मी ठरवले, की त्या दगडांचा वाफा करायचा. कोणाला विचारले नाही. हाताला येईल तो दगड उचलला आणि एकावर एक ठेवत गेलो. एका सकाळी भिंत तयार झाली. आत माती भरली, भेंडीचे बी पेरले आणि सगळ्यांना ऐटीत वाफा दाखवला.

जानेवारीत मुसळधार पाऊस आला. रात्रभर पत्रे वाजत होते. सकाळी पाहतो तो काय, वाफ्याची एक बाजू कोसळली होती आणि माती वाहून अंगणभर पसरली होती. मला रडूच आले. आजी छत्री घेऊन बाहेर आली. तिने पडलेल्या दगडांकडे पाहिले आणि एकदम खाली वाकली. चिखलातून तिने एक सपाट दगड बाहेर काढला. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. आजीने तो पदराने पुसला.

“अरे, हा तर पाटा! माझ्या सासूबाई यावर मसाला वाटायच्या. वादळात घर गेले, भांडी गेली. हा तेवढा राहिला होता. इतके दिवस मी याला शोधत होते.”

मी मान खाली घातली. तो पाटा मीच भिंतीच्या अगदी तळाशी पालथा घातला होता. मला तो नुसता दगड वाटला होता.

आजी रागावली नाही. ती म्हणाली, “दगड उचलण्याआधी विचारायचे असते, बाळा. आणि दगड रचण्याआधी शिकायचे असते. चल, पाऊस थांबला की दोघे मिळून करू.”

त्या दिवशी आजीने मला जे शिकवले, तेच आता तुम्हांला सांगतो.

पहिले काम विचारण्याचे. घरच्या अंगणातले दगड असले, तरी आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा. त्यांत एखादा पाटा, वरवंटा, कपडे धुण्याचा दगड किंवा देवाचा दगड असू शकतो. पाट्याला आपण क्रेओलमध्ये रोश कारी म्हणतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. शेतातल्या ढिगावरचा दगड हवा असेल, तर शेताच्या मालकाला विचारा. नदीच्या काठचे दगड काढू नका, काठ ढासळतो. समुद्रकिनाऱ्यावरचे प्रवाळ आणू नका, ते समुद्रातल्या जीवांचे घर आहे. झाडाखालच्या कालीमाईच्या ठाण्यावरील किंवा साखर कारखान्याच्या जुन्या धुरांड्याचा दगड तर मुळीच हलवू नका. ज्या दगडांना जुना रंग किंवा तेल लागले आहे, तेही नकोत. आपल्याला वाफ्यात खाण्याच्या भाज्या लावायच्या आहेत.

दुसरे काम जागा निवडण्याचे. भाजीला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. भारतात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. आपले बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैमध्ये, सूर्य उत्तरेकडे झुकतो. वाफा घराच्या दक्षिणेला केला, तर हिवाळ्यात त्यावर घराची सावली पडेल. उत्तरेची बाजू चांगली. वाराही लक्षात घ्या. आपल्याकडे बहुतेक वेळा आग्नेयेकडून वारा येतो. त्या बाजूला कुंपण किंवा दाट झुडूप असेल, तर कोवळी रोपे वाचतात.

तिसरे काम दगड निवडण्याचे. दगडाखाली हात घालण्याआधी तो काठीने उलटा. खाली गोम असू शकते आणि ती कडकडून चावते. पायांत बूट घाला. भरीव बेसाल्ट फार जड असतो. एक लिटर पाण्याचे वजन १ किलो असते, तर तेवढ्याच आकाराच्या भरीव काळ्या दगडाचे वजन जवळजवळ ३ किलो असते! म्हणून तुम्ही नारळाएवढे दगडच उचला. त्याहून मोठे दगड घरातल्या मोठ्या माणसांना उचलू द्या. उचलताना कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा.

दगडांचे तीन ढीग करा. पहिला मोठ्या, सपाट दगडांचा. ते तळाला लागतील. दुसरा मध्यम दगडांचा. ते वर लागतील. तिसरा छोट्या कपच्यांचा. कपच्या फेकू नका. भिंत घट्ट बसते ती कपच्यांमुळेच.

चौथे काम आखणीचे. चार खुंट्या आणि सुतळी घ्या. २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा आयत आखा. रुंदी याहून जास्त नको. मग दोन्ही बाजूंनी तुमचा हात वाफ्याच्या मध्यापर्यंत पोचेल आणि मातीत पाय देण्याची गरज पडणार नाही. पायाने माती दबली, की मुळांना हवा मिळत नाही. आयत बरोबर आला का, हे कसे पाहाल? समोरासमोरच्या खुंट्यांमधील दोन्ही तिरकी अंतरे मोजा. ती सारखी आली, की चारही कोन काटकोन आहेत.

आता भिंत. कोकणात शेताच्या किंवा परड्याच्या कडेने चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून भिंत घालतात. तिला गडगा म्हणतात. आपल्या वाफ्याची भिंत म्हणजे एक छोटा गडगाच! कोकणात पुष्कळ ठिकाणी लाल जांभा दगड असतो, आपल्याकडे काळा बेसाल्ट. रीत मात्र एकच.

सुतळीच्या आतल्या बाजूने १० सेंटिमीटर खोल आणि २० सेंटिमीटर रुंद चर खणा. त्यात मोठे दगड बसवा. प्रत्येक दगड हाताने हलवून पाहा. डुगडुगला, तर खाली माती किंवा कपची सरकवा. पहिली रांग पक्की झाली, तरच दुसरी लावा.

दुसरी रांग लावताना एक नियम पाळा: खालच्या दोन दगडांचा सांधा जिथे असेल, त्यावर वरचा एक दगड यावा. सांध्यावर सांधा आला, की तिथून भिंत फुटते. माझी भिंत त्यामुळेच पडली होती. आणखी एक गोष्ट. भिंत सरळ उभी न ठेवता आतल्या बाजूला जराशी झुकवा. पावसात माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला बाहेर ढकलते. आत झुकलेली भिंत तो जोर सहन करते. प्रत्येक रांगेमागे थोडी माती भरून काठीने दाबा. फटींत कपच्या ठोका. दगड ठोकताना दुसऱ्याची बोटे फटीत नाहीत ना, हे आधी पाहा. भिंत जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच झाली, की थांबा.

सिमेंट का लावायचे नाही, असे तुम्ही विचाराल. एक तर जास्तीचे पाणी फटींतून निघून जाते आणि मुळे कुजत नाहीत. दुसरे म्हणजे एखादा दगड सरकला, तर तो काढून पुन्हा बसवता येतो. तिसरे कारण मला फार आवडते. त्या फटींत छोटे जीव राहायला येतात. थोड्या दिवसांत तुम्हांला दगडावर ऊन खात बसलेली हिरवी पाल दिसेल. ती आपले किडे खाते. तिला मारू नका, ती तुमची माळीणच आहे.

पाचवे काम माती भरण्याचे. आधी तळाला जुनी पाने आणि उसाचे पाचट यांचा पातळ थर द्या. वर माती आणि कुजलेले खत मिसळून भरा. माती दोन भाग, खत एक भाग. भाज्यांची साले, चहाचा चोथा, सुकी पाने साठवून ठेवली, तर काही महिन्यांत घरीच खत होते. वाफ्याच्या आत साधारण २९ बादल्या मावतील. बादली १० लिटरची धरली आहे. म्हणजे १९ बादल्या माती आणि १० बादल्या खत. एका दिवसात हे होणार नाही. होऊ नये! रोज थोडे थोडे करा.

आता पेरणी. आपला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि हिवाळा मे ते ऑक्टोबर. भारतातल्या पुस्तकांत याच्या उलट लिहिलेले असते, म्हणून गोंधळू नका. हिवाळ्यात कोथिंबीर, मेथी आणि गाजर चांगले येते. उन्हाळ्यात भेंडी, वांगी आणि दोडका येतो. क्रेओलमध्ये भेंडीला लालो आणि दोडक्याला पिपांगाय म्हणतात. मिरची तर कडेला लावायलाच हवी, नाही तर जेवणाला चव कशी येणार? कढीपत्त्याचे झाड मात्र वाफ्यात लावू नका. ते मोठे होते आणि त्याची मुळे भिंत ढकलतात. त्याला अंगणात वेगळी जागा द्या.

पाणी सकाळी किंवा संध्याकाळी घाला. दगडांच्या खळग्यांत पाणी साचू देऊ नका. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. २००६ साली आपल्या देशात चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, ती डासांमुळेच. खळगे मातीने भरून टाका. रात्री मोठ्या गोगलगाई कोवळी रोपे खायला येतात. त्यांना हातमोजे घालून वेचा. आणि चक्रीवादळाचा इशारा मिळाला, की वाफ्यातल्या काठ्या व जवळच्या कुंड्या उचलून आत ठेवा. दगड जागचा हलत नाही, पण काठी उडून कोणाला तरी लागते.

मुलांनो, आजीने आणि मी दुसऱ्यांदा वाफा केला, तेव्हा आम्हांला आठ दिवस लागले. आजी दगड फिरवून फिरवून बघायची. “प्रत्येक दगडाला एक बरी बाजू असते. ती सापडेपर्यंत घाई करायची नाही,” असे म्हणायची. शेवटी पाटा कुठे ठेवायचा, असा प्रश्न आला. मी म्हटले, “आत घरात ठेवू.” आजी म्हणाली, “नको. त्यावर आता मसाला वाटता येणार नाही, पण तो कामाचा आहे.” आम्ही तो वाफ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांत वर, सुलटा बसवला. आजी संध्याकाळी त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवायची आणि निवडायची.

पुढच्या जानेवारीतही मोठा पाऊस आला. सकाळी उठून मी आधी अंगणात धावलो. भिंत उभी होती. फटींतून गढूळ पाणी हळूहळू वाहत होते. माती मात्र आतच होती.

आता आजी नाही. वाफा आहे, पाटाही आहे. दोन-तीन वेळा दगड सरकले, ते मी पुन्हा बसवले. आता आमच्या घरची मुले त्या पाट्यावर कोथिंबीर निवडतात आणि विचारतात, “हा कोणाचा?” मग मी त्यांना सांगतो.

तुमच्याही अंगणात असे दगड असतील. त्यांना हात लावण्याआधी विचारा. कदाचित वाफ्याच्या आधी तुम्हांला एक गोष्ट मिळेल.

शब्दार्थ

वाफा – भाज्या किंवा फुले लावण्यासाठी आखून केलेली जागा
चौथरा – घराखालचा दगडी उंच पाया
शाकारणे – छपरावर गवत किंवा पाने घालणे
पाटा – मसाला वाटण्याचा सपाट दगड
वरवंटा – पाट्यावर फिरवण्याचा लांबट गोल दगड
परडे – घरामागची मोकळी जागा
गडगा – चुना किंवा सिमेंट न लावता रचलेली दगडी भिंत
कपची – दगडाचा लहान, चपटा तुकडा
सांधा – दोन दगड जिथे एकमेकांना मिळतात ती जागा
पाचट – उसाची वाळलेली पाने
आग्नेय – पूर्व आणि दक्षिण यांच्यामधली दिशा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपल्या बेटावरचा काळा दगड कशापासून तयार झाला?
(आ) जुने घर कोणत्या वादळात उडून गेले?
(इ) वाफा घराच्या कोणत्या बाजूला करावा?

२. कारणे लिहा.
(अ) वाफ्याची रुंदी १ मीटरपेक्षा जास्त नसावी.
(आ) भिंत आतल्या बाजूला थोडी झुकवावी.
(इ) दगडांच्या खळग्यांत पाणी साचू देऊ नये.

३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाची पहिली भिंत का पडली?
(आ) पाटा पाहून आजीला काय वाटले असेल?
(इ) आजीने पाटा घरात न ठेवता वाफ्यावर का ठेवला?

४. हिशेब करा.
वाफ्याची आतली लांबी १६० सेंटिमीटर, रुंदी ६० सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर आहे. आत किती लिटर माती मावेल? (१००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर.) तुमचे उत्तर पाठातल्या बादल्यांशी ताडून पाहा.

५. विरुद्ध अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
पालथा, उन्हाळा, लहान, आत

६. उपक्रम
तुमच्या घरातील सर्वांत जुनी दगडी वस्तू कोणती, हे आजी-आजोबांना विचारा. ती कोणी वापरली, कशासाठी वापरली आणि आता कुठे आहे, हे पाच वाक्यांत लिहून वर्गात वाचून दाखवा.